लंघन

मंगळवार बाजारातून टांगा निघाला आणि चार पावलांवरच घोडं थबकलं. टांगेवाल्यानं लगाम ओढला नव्हता. मागचं वजन खाली बसून पुढच्या दांड्या वर उचलल्या गेल्या होत्या, पोटाखालचा पट्टा घोड्याला काचत होता आणि ते बिचारं मान झटकत जागच्या जागी पाय हलवत होतं. टांगेवाला म्हातारा होता. मागं न बघताच तो म्हणाला, "उलाळ होतोय बाई. मागं किती जणी हायसा?"

मागं कस्तुराबाई एकटी बसली होती. मांडीवर वांग्याकांद्यांची पिशवी होती आणि एका हातानं तिनं बाकाचा गज धरला होता. "एकलीच हाय," ती म्हणाली.

"एकलीचं वजन न्हाय हे. दोघी हायसा. एकीनं फुडं या." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, वैतागही नव्हता. मग त्यानं मान वळवली. आधी तिच्याकडं पाहिलं, आणि मग तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं. त्या जागेकडं तो जरा जास्तच वेळ बघत राहिला, निदान तिला तसं वाटलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि घोड्याची पाठ थोपटत बसला.

ती उतरली. पुढं त्याच्या शेजारी बसून सगळ्या पेठेतून मिरवत जाण्यापेक्षा पायी गेलेलं बरं, असं तिनं मनाशी म्हटलं, पण उतरायचं खरं कारण ते नव्हतं. त्या बाकावर आता तिला बसवेना. ती चालायला लागली. बाळीवेशीपर्यंत येईतो तिला धाप लागली, पोलकं पाठीला चिकटलं, पायांतली जोडवी सुजलेल्या बोटांत रुतायला लागली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती टेकली. छातीत कोणीतरी आतून दार वाजवावं तसं वाजत होतं. मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं, रस्त्यात पुन्हा माणसं होती, लिमलेटच्या गोळ्या विकणारा ओरडत होता, कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज कुठूनसा येत होता, आणि त्या सगळ्या गलबल्यात तिच्या कानात एकच शब्द बसून राहिला होता. दोघी. लग्न होऊन या गावात आली तेव्हा ती काडीसारखी होती. नवऱ्याच्या, महिपतीच्या, केम गावच्या नातेवाइकांनी तिला बघून नाक मुरडलं होतं, ही काय गिरणीवाल्याचा संसार ओढणार. आता शेजारपाजारच्या बायका म्हणत, गिरणीतल्या मुकादमाची बायको, बसून खाणारी, अंगानं सुटणारच. ती बसून खात नव्हती. उभ्यानं खायची. पण ते कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण ती वेळच अशी होती की जी ती बाई आपापल्या चुलीपुढं असते.

साखर पेठेतल्या त्या दोन खोल्यांत दिवेलागण लवकर व्हायची. पश्चिमेला भिंत, त्यामुळं बाहेर ऊन असतानाच आतल्या खोलीत कोपरे काळे व्हायला लागत. शेजारच्या घरात सुंदरम्माच्या नवऱ्याचा हातमाग दिवसभर खडखड करायचा तो या वेळी थोडा मंदावायचा. आणि मग ते यायचं. ते पोटातून येत नव्हतं, हे कस्तुराबाईला पहिल्यापासून माहीत होतं. दुपारी ती दोन भाकरी खाऊन तृप्त असायची. पोट गच्च असतानाही ते यायचं. आधी जिभेच्या मुळाशी ओल सुटायची. मग दोन्ही जबडे कानाखाली हलके दुखायला लागत. मग तळहात रिकामे रिकामे वाटायला लागत, जणू काही त्यांतून आत्ताच कोणी काहीतरी काढून घेतलं आहे. आणि मग, कानाला नव्हे, दातांना ऐकू यावं तसं ऐकू यायचं: काय तरी दे की. ती उठायची. फळीवरचा डबा काढायची. फुटाणे, ते संपले की शेंगा, गुळाचा खडा, सकाळची भाकरी आणि तिच्यावर शेंगाची चटणी, तेल. चव कळायच्या आत घास खाली जायचा. खोलीत चावण्याचा आवाज भरून राहायचा आणि पुष्कळदा तिला वाटायचं की हा आवाज आपल्या मागून येतोय. मागं वळलं की तिथं जात्याचा दगड आणि कणगी. मग बाहेरच्या दारात महिपतीची वहाण वाजायची. तो रोज येताना पुडा घेऊन यायचा. कधी भजी, कधी शेव. तेलानं पारदर्शक झालेला रद्दीचा कागद तो तिच्या हातात द्यायचा, तिच्याकडं न बघता, आणि हातपाय धुवायला जायचा. तो स्वतः त्यातलं खात नसे. ती खायची. पुडा मोकळा होऊन कागदावरचं मीठसुद्धा बोटानं टिपून झालं की तो आतून विचारायचा, "झालं?" ती म्हणायची, "झालं." नवराबायकोचं संध्याकाळचं बोलणं इतकंच असे आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

टांग्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदरम्मानं तिला जवळपास ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पुण्याहून शिकून आलेला. त्यानं छातीला नळी लावली, पायावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा काढल्यावरही खळगा तसाच राहिला. "बाई, तुमचं हृदय एका माणसापुरतं केलेलं असतं," तो म्हणाला. "त्याच्यावर दोन माणसांचं ओझं पडलंय. ते किती दिवस ओढणार?" कस्तुराबाईनं चमकून सुंदरम्माकडं पाहिलं. टांगेवाल्याचं बोलणं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं पुढं विचारलं, संध्याकाळी काय खाता. तिच्याऐवजी सुंदरम्मा म्हणाली, "सगळं खातंय सायेब ती." डॉक्टर हसला नाही. दोन वेळचं जेवण जेवा, म्हणाला, आणि मधलं सगळं बंद. संध्याकाळी भूक लागेल, मागेल, पण द्यायचं नाही. थोडे दिवस ओरडेल आणि गप्प बसेल. तुम्ही ऐकायचं नाही.

हे त्यानं भुकेबद्दल म्हटलं होतं. पण कस्तुराबाईच्या अंगावर काटा आला, कारण हेच शब्द याच आवाजात नव्हे, पण याच शांतपणानं तिनं पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा बोलणारे वैद्यबुवा होते आणि बोलणं हौसाबद्दल होतं.

हौसा पाच वर्षांची होती. बऱ्याच वर्षांनी झालेली, नवसासायासाची, सावळी, बारीक, सारखी काहीतरी चघळणारी. संध्याकाळ झाली की तिला खायला लागायचं. आईच्या निऱ्यांना धरून ती मागं मागं फिरायची, आई काय तरी दे की, आणि मग बापाची चाहूल लागली की दाराकडं धावायची. तिला मुदतीचा ताप भरला. वैद्यबुवा म्हणाले, आतड्याला आतून जखमा पडलेल्या असतात, अन्नाचा कण गेला तर पोर हातची जाईल, लंघन हेच औषध. साळीच्या लाह्यांचं पाणी, बस्स. मागेल, पण द्यायचं नाही. तसंच तेव्हा सगळीकडं करत. कस्तुरानं तसंच केलं. दिवसभर पोर ग्लानीत असायची, आणि दिवे लागायची वेळ झाली, घराघरांतून भाकरी भाजल्याचा वास यायला लागला, की डोळे उघडायची. ताप चढायचीही तीच वेळ. सुरुवातीला ती रडली. मग रडण्याइतकी ताकद उरली नाही, तेव्हा नुसतं म्हणायची. हळू, समजुतीच्या सुरात, जसं काही आई विसरली आहे आणि तिला आठवण करून द्यायची आहे. एका संध्याकाळी कस्तुराला भोवळ आली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. मागच्या दाराआड उभं राहून तिनं अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी घाईघाईनं गिळली, चूळ भरली, आणि पोरीजवळ येऊन वाकली. हौसानं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. हात चुलीतून काढल्यासारखे होते. "आई," ती म्हणाली, "तुज्या तोंडाला शेंगाचा वास येतुया." त्यात रुसवा नव्हता. तिनं डोळे मिटले आणि नाकानं लांब श्वास घेतला. "आजून हा कर की." कस्तुरा तिच्या तोंडावर हा करत राहिली. पोरगी तो वास ओढून घ्यायची आणि मग घास गिळावा तसा गळा हलवायची. बराच वेळ असं चाललं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, अशाच वेळी, ती गेली. एवढ्या लेकराचं दहावं-बारावं काही करायचं नसतं असं जाणत्या माणसांनी सांगितलं. पुरून आले. ना पिंड, ना कावळा, ना नैवेद्याचं पान. कोणीच तिला काही वाढलं नाही. त्याच आठवड्यात कधीतरी कस्तुरा आतल्या खोलीत दिवा लावायला उठली आणि दिवा लावण्याऐवजी तिनं फुटाण्यांचा डबा काढला.

म्हणून डॉक्टरनं नुसतं खाणं बंद करा म्हटलं असतं तर तिनं ते केलंही असतं. उपासतापास तिला काही नवे नव्हते. एकादशी, सोमवार ती सहज काढायची, फक्त संध्याकाळी फराळाला बसायची एवढंच. द्यायचं नाही, हे मात्र तिला जमण्यातलं नव्हतं. तरी तिनं करून पाहिलं, कारण त्या आठवड्यात एकदा पाण्याची घागर उचलताना तिच्या डोळ्यांपुढं अंधार झाला आणि तिला मरणाची खरी भीती वाटली. डबे तिनं सुंदरम्माच्या घरी नेऊन ठेवले. दिवेलागणीला घरातच राहायचं नाही असं ठरवून सिद्धेश्वराच्या तळ्याकडं जायला लागली. काठानं संथ चालायची. पाणी शिशासारखं दिसायचं. माणसं दर्शनाला जात-येत असायची. पण ते तिच्याबरोबर तिथंही यायचं. निऱ्या मागून कोणी हलकेच धरल्यासारख्या तटतटायच्या आणि ती थांबली की सैल पडायच्या. एकदा तळ्याच्या पायऱ्यांवर बसली असताना तिच्या लक्षात आलं की आपण तोंड उघडून हा करतोय, समोर कोणी नसताना. शेजारी बसलेली एक म्हातारी उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसली. त्या दिवशी घरी जाताना तिनं वाटेत चुरमुरे घेतले आणि घर येईतो संपवले, आणि रडलीसुद्धा नाही, इतकी ती थकून गेली होती.

सुंदरम्मा डब्यांची राखण करत होती, पण कस्तुरा मागायला आली तर नाही म्हणत नव्हती. एका संध्याकाळी कस्तुरा तिच्या दारात उभी राहिली आणि सुंदरम्मानं डबा उघडून तिच्यापुढं धरला. ती उंबऱ्यावरच खायला लागली. सुंदरम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तिच्याकडं बघत होती. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

"कस्तुरक्का," ती म्हणाली, "तू पुढच्या दातानं चावतंय."

"म्हंजी?"

"दुपारी जेवताना दाढेनं चावतंय तू. मोठी बाई चावतंय तसं. आता पुढच्या दातानं. आमच्या लक्ष्मीची पोर चावतंय तसं, उंदरावानी." तिनं आवाज खाली आणला. "आनि खाताना मान अशी का करतंय? कुणाला भरवतंय तू?"

कस्तुराबाईच्या तोंडात फुटाणे तसेच राहिले. तिनं जिभेनं दात चाचपले. खरंच, दाढा कोरड्या होत्या. तिच्या लक्षात आलं की आपल्याला ही गोष्ट माहीत होती, फक्त कोणी बोललं नव्हतं. तिनं तोंडातले फुटाणे हातावर काढले आणि अंगणातल्या कोंबड्यांपुढं टाकले, आणि घरी येऊन अंधारात बसून राहिली. जबडे दुखत होते. काय तरी दे की. ती बसून राहिली. दे की. महिपती आला, त्यानं पुडा पुढं केला. तिनं तो घेतला आणि फळीवर ठेवला. आतून त्यानं विचारलं, "झालं?" तिनं पुड्याकडं पाठ केली. बऱ्याच वेळानं तो पुसलेल्या पायांनी बाहेर आला, फळीवरच्या पुड्याकडं बघितलं, आणि न जेवताच झोपला.

पुढं रोज तसंच व्हायला लागलं. पुडा यायचा, फळीवर चढायचा आणि सकाळी सुंदरम्माकडं जायचा. महिपती अबोल माणूस होता. गिरणीत शंभर मागांच्या कल्लोळात आयुष्य गेल्यानं त्याला घरी बोलायचं म्हटलं की शब्द सापडत नसत. पण तो आता नीट जेवत नव्हता, आणि गल्लीतून घरात यायला उशीर करायला लागला होता. कोपऱ्यावर उभा दिसायचा. एकदा ती बघायला बाहेर आली तर तो पुडा छातीशी धरून, भिंतीला खांदा लावून, कोणी हाक मारेल म्हणून वाट बघत असल्यासारखा उभा होता. तिला पाहून दचकला. घरात आल्यावर मात्र त्यानं पुडा तिच्या हातात दिला नाही. तो हातात घेऊनच तो मधल्या दारात उभा राहिला.

"न्हाय खायाचं?" त्यानं विचारलं.

"डाक्तर न्हाय म्हनलाय."

"तवा बी न्हायच म्हनलं हुतं," महिपती म्हणाला.

कस्तुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दिवसांबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता. तो खाली बसला. पुडा त्यानं दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. कंदील अजून लावलेला नव्हता, आणि तिला वाटलं, लावलेला असता तर तो बोललाच नसता.

"ताप हुता तवा मला घरात याया हुईना," तो म्हणाला. "ती इचारायची. आबा, काय आनलं. रोज काय तरी आनायची माजी सवय. आन माजं हात मोकळं. मी भायेरच बसायचो. तू म्हनायचीस, आत या की. मी म्हनायचो, दमलोय." तो पुढं म्हणाला, "ती गेल्यावर म्हैना झाला आसंल. गिरनी सुटली, गल्लीच्या तोंडाशी आलो, आन ऐकलं. आबा, काय आनलं? वाटलं, दुसऱ्या कुनाचं पोर आसंल. बघितलं तर कुनीबी न्हाय. तसाच मागं फिरलो आन भजी घिऊन आलो. तवापासनं रोज ऐकतोय. तुला म्हनलो न्हाय. तू भिशील."

"तुमी आनायचं आन मी खायाचं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"व्हय."

"मला बी ऐकू येतं."

त्यानं मान हलवली, जसं काही हेही त्याला ठाऊक होतं. आतल्या कोपऱ्यात, कणगीपाशी, जिथं पोरीचं अंथरूण असायचं तिथं अंधार इतर जागेपेक्षा दाट झाला होता. दोघंही तिकडं बघत नव्हती. पुड्यातलं तेल जमिनीवर उतरत होतं. महिपतीनं फार हळू विचारलं, "मग कवा तिचं पोट भरलं का गं?"

ती विचार करायला लागली. किती संध्याकाळी. किती डबे, किती पुडे, गुळाच्या किती ढेपा. या सगळ्या वर्षांत त्या मागणाऱ्यानं एकदा तरी बास म्हटलं होतं का, एकदा तरी तोंड बाजूला केलं होतं का, ढेकर देऊन झोपलं होतं का. तिनं आठवून पाहिलं आणि तिच्या छातीत ते जे दार वाजायचं ते एकदम थांबलं. "न्हाय," ती म्हणाली. "एकबी घास तिला पोचला न्हाय. समदं माज्यातच ऱ्हायलं."

त्या रात्री दोघं लवकर जेवली. पुडा महिपतीनं गल्लीतल्या कुत्र्यापुढं ओतला. दुसऱ्या दिवशी तो हात हलवत आला. दारापाशी त्याचा पाय अडखळला, चेहरा पांढरा पडला, पण तो आत आला आणि पाय न धुताच कस्तुराबाईच्या शेजारी, कणगीला पाठ लावून बसला. तिनं ठरवलं होतं ते एवढंच: द्यायचं नाही, पण उठूनही जायचं नाही. तळ्यावर नाही, सुंदरम्माकडं नाही, मागच्या दाराआड तर नाहीच. ते यायचं. जिभेखाली पाणी, जबड्यात कळ, तळहातांना ते रितेपण. ती हात मांडीवर उताणे ठेवायची आणि बोलायची, कधी मनात, कधी ओठांत. न्हाय बाळा. न्हाय देत. पर मी हाय हितं, आबा बी हायत. कुठलीही भूक तिनं इतक्या जवळून बघितली नव्हती. ती लाटेसारखी चढायची, आता आपण फाटणार असं वाटायचं, महिपतीच्या मनगटावर तिची नखं रुतायची, आणि मग ती तशीच, न खाताच, ओसरायची. घरात काळोख पडून गेलेला असायचा. मग दोघं उठायची, ती कंदील लावायची, आणि जेवायची. सगळे दिवस सारखे गेले नाहीत. महिपतीला रातपाळी लागली तेव्हा एकटीला ते सोसेना, आणि दोनदा-तीनदा तिनं कच्चे शेंगदाणे मुठीमुठीनं खाल्ले, डोळे मिटून, अपराध्यासारखे. सकाळी ते तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आसू दे. आज बसू."

गौरी-गणपती आले तोवर तिच्या पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या. पायावर अंगठा दाबला तर खळगा राहत नव्हता. दवाखान्यातल्या काट्यावर डॉक्टरनं तिला उभं केलं आणि समाधानानं मान डोलावली, बाई, शाबास, कसं जमवलंत. तिला सांगता येण्यासारखं काही नव्हतं. बाजारातून येताना ती आता कुठल्या पायरीवर टेकत नव्हती. गल्लीतल्या बायका आडून विचारायच्या, औषध काय घेतेस. आणि हे सगळं चांगलं होत असताना तिच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती, ती तिनं महिपतीलाही सांगितली नाही. आवाज कमी होत चालला होता. मोठ्याचा बारीक झाला असं नव्हे. शब्दच झडत होते. ‘काय तरी दे की’ यातलं ‘काय तरी’ आधी गेलं. मग पुष्कळ दिवस नुसतं ‘दे की’. मग ‘दे’ पण गेलं. दिवेलागणीला ती आणि महिपती कणगीला पाठ लावून बसायची आणि दातांच्या मुळाशी, फार आत, झोपेत लेकरानं कण्हावं तसं, एवढंच उरलेलं ऐकू यायचं: ‘की’. नुसतं ‘की’. विचारणं राहिलं होतं, काय विचारायचं होतं ते राहिलं नव्हतं. कस्तुराबाई कान देऊन बसायची. कधीकाळी जे येऊ नये म्हणून ती तळ्यावर पळाली होती, ते आता यायला जरा उशीर झाला की तिचा जीव खालवर व्हायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी ती आतल्या खोलीत ज्वारी पाखडत बसली होती. नवी नव्हे, मागल्या साली घेतलेली, कीड लागलेली. सूप हलत होतं, भुसा उडत होता, तिचं चित्त कुठंच नव्हतं. सुपातलं दिसेना तेव्हा तिनं मान वर केली. दाराच्या चौकटीत काळं आभाळ होतं. शेजारी जेवणाची भांडी वाजत होती. दिवेलागण येऊन, टळून, केव्हाच मागं पडली होती आणि तिच्याकडं कोणी काही मागितलं नव्हतं.

ती हलली नाही. सूप मांडीवर तसंच धरून ऐकत राहिली. भिंतीत पाल चुकचुकली. कणगीजवळचा अंधार इतर अंधारासारखाच होता, कुठंही दाट नव्हता. तिनं जबडे हलवून पाहिले. तळहात एकमेकांवर घासून पाहिले. मग तिनं हाक मारली, "हौसा." तोंडानं, मोठ्यानं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आपला आवाज भिंतीला लागून परत आला तेवढाच. ती उठली, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या मडक्यात हात घातला, चार शेंगा सोलल्या, आणि उभी राहून, मान कलती करून, मुद्दाम पुढच्या दातांनी चावायला लागली. ये, असं मनात म्हणत. घे. ते दाणे किंचित खवट होते. मिठाची एक कणी जिभेला लागली. तिला चव कळत होती. किती वर्षांनी शेंगेची चव कळत होती, आणि ती फक्त शेंगेची होती. तोंड फक्त तिचं होतं, घसा तिचा होता, घास तिच्याच पोटात उतरत होता. सबंध घरात चावणारं दुसरं कोणी नव्हतं.

महिपती आला तेव्हा ती तशीच उभी होती. तो दारातच थांबला. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण डोक्यावरचा पटका त्यानं हातात घेतलेला होता.

"आज गल्लीत," तो म्हणाला, आणि त्याला पुढं बोलवेना.

"गेली," कस्तुराबाई म्हणाली.

मग पटका खुंटीला अडकवून, अंगातला सदरा काढून तो मोरीत गेला आणि रांजणातलं गार पाणी तांब्यानं डोक्यावर घ्यायला लागला. थंडीचे दिवस होते. त्याच्या दातांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, आणि त्या आवाजाखालून दुसरा एक आवाज यायला लागला तो तिनं कधीच ऐकला नव्हता. तो रडत होता, मोठ्यानं, बायकांसारखा. तिनं त्याला थांबवलं नाही. तो बाहेर आला आणि ती आत गेली. नेसत्या लुगड्यानिशीच तिनं पाणी घेतलं, डोक्यावरून, एक तांब्या, दुसरा, केसांतून, डोळ्यांतून, हलक्या झालेल्या खांद्यांवरून ते वाहत गेलं.

पाण्याचा आवाज ऐकून सुंदरम्मा कंदील घेऊन अंगणात आली होती. ओल्या अंगानं, केस मोकळे सोडून दारात उभ्या असलेल्या कस्तुराबाईला बघून ती चरकली. "ह्या वेळेला डोक्यावरनं पाणी घेतलं अक्का? तुमच्यात कोण गेलं?"

"आमची हौसा," कस्तुराबाई म्हणाली.